जुन्या कोल्हापूरकरांच्या आठवणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पाच-सहा जण आहोत. कुणी शाळेत शिकवतो, कुणाचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे, एक जण बँकेतून निवृत्त झालाय. रविवार सापडला की एखाद्या जुन्या माणसाच्या सोप्यात (घराच्या पुढच्या ओसरीत) जाऊन बसायचं, रेकॉर्डर चालू करायचा आणि ऐकायचं, एवढाच उद्योग. लोक भेटले की तेच तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

नक्की काय करता? मुलाखती घेता का?

मुलाखत म्हटलं की माणूस इस्त्रीची टोपी घालून, पाठ ताठ करून बसतो आणि भाषण ठोकतो. आम्हाला भाषण नको असतं. गप्पा मारतो आणि त्या ध्वनिमुद्रित करतो. पुस्तकी भाषेत याला मौखिक इतिहास म्हणतात. एकेका माणसाकडे निदान दोनदा जातो, तास-दीड तास बसतो. पहिल्या खेपेला माणूस जे सांगायचं ठरवून बसलेला असतो ते सांगतो. दुसऱ्या खेपेला आदल्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या जे आठवलेलं असतं ते सांगतो. दुसरी खेप चुकवायची नाही ती यासाठी.

कोल्हापूरचा इतिहास लिहिलेला आहेच की. मग हे कशाला?

लिहिलेला आहे, आणि चांगला लिहिलेला आहे. १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसली, २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी मागास वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या, १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं, १९७२ च्या डिसेंबरात नगरपालिकेची महापालिका झाली. हे कुणालाही सापडतं. त्यासाठी आजोबांना त्रास द्यायची गरज नाही.

पण गांधी मैदानाचं घ्या. जोराचा पाऊस झाला की तिथं पाणी साचतं. क्रिकेट खेळणारी पोरं वैतागतात, गटारी कुणी काढायच्या यावर वाद होतो, निवेदनं दिली जातात. आता शिवाजी पेठेतल्या एखाद्या ऐंशी पार केलेल्या माणसाला विचारा. तो तंबाखू मळता मळता म्हणेल, "साचंल न्हाई तर काय? तळंच हाय ते." खरंच तळं होतं. वरुणतीर्थ. तळं बुजवून मैदान झालं, पाण्याला मात्र ते कुणी कळवलं नाही. अजूनही ते आपल्या जुन्या घरी येतं.

कोल्हापूर हे तळ्यांचं गाव होतं. कपिलतीर्थाच्या जागी आज भाजी मंडई आहे. कोथिंबिरीच्या पेंढीसाठी घासाघीस करणाऱ्या कितीजणांना आपण तळ्यात उभे आहोत हे ठाऊक असतं? सिद्धाळ्याची बाग झाली. पेठापेठांचे फुटबॉल संघ जिथं जिवाच्या आकांतानं खेळतात ते शाहू स्टेडियम रावणेश्वराच्या तळ्यावर उभं आहे. रंकाळा, कोटीतीर्थ, कळंबा ही आपली शिल्लक. वाळवंटातल्या वाढत्या शहरात गेलात तर तिथली जुनी माणसं नळाला पाणी पहिल्यांदा कधी आलं ते सांगतील. आमच्याकडची जुनी माणसं पाणी कुठंकुठं होतं ते सांगतात. कुठल्या घाटावर बायका धुणं धुवायच्या, कुठल्या कोपऱ्यात पोहायला शिकताना भोपळा कमरेला बांधायचा, कुठल्या पायरीवर शेवाळ असायचं.

१९०१ च्या शिरगणतीत या शहरात ५४,३७३ माणसं होती. २०११ च्या जनगणनेत ५,४९,२३६. दसपट. हद्दवाढीचं भांडण चालूच आहे, पण वस्ती काही हद्दीला विचारून वाढत नाही. पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव या गावांच्या आणि शहराच्या मधे आता शिवार उरलेलं नाही. तिथल्या नव्या फ्लॅटमधल्या माणसाला 'गंगावेश' हा फक्त बसचा थांबा. वेस म्हणजे तटाचा दरवाजा, तो दिवेलागणीनंतर बंद व्हायचा, हे त्याला कोण सांगणार?

किती वर्षांचा माणूस चालतो?

पंच्याहत्तरीच्या पुढचा असला तर आधी त्याच्याकडे जातो, कारण उघड आहे. पण साठीच्या माणसालाही पाठवू नका असं नाही. टांगेवाल्यांची शेवटची पिढी, शाहू मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी पोरं आज साठी-सत्तरीतच आहेत. ही मिल १९०६ ची, शाहू महाराजांनी काढलेली. भोंगा झाला की कुठल्या घरात काय हालचाल व्हायची, एवढ्या एका प्रश्नावर तासभर जातो.

आमचे वडील साधे होते हो. सांगण्यासारखं काही नाही त्यांच्याकडे.

हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की आता ते शुभशकुन मानतो.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी पिळणाऱ्या एका आजोबांकडे गेलो होतो. त्यांचंही हेच. "काय सांगायचं हाय त्यात? म्हस पिळायची आन् पेला द्यायचा." मग हळूहळू निघालं. पैलवान पोरांना उधारी कशी चालायची, धार काढताना गिऱ्हाईक पेला का पालथा करून दाखवायचं (तळाला पाणी नाही ना, ही खात्री दूधवाल्यालाही हवी असायची आणि गिऱ्हाइकालाही), कुठली म्हैस गर्दीत दूध चोरायची आणि कुठली उलट गर्दी असल्याशिवाय पान्हाच सोडायची नाही. शेवटी त्यांनी डावा हात पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढा घट्टा. कट्टा सोडून पंधरा वर्षं झाली होती, घट्टा तसाच होता. तो काही रेकॉर्डरवर येत नाही. आमच्यातल्या एकानं वहीत लिहून घेतलं.

मोठ्या माणसांकडे जायला लोक असतात. आम्ही मुद्दाम इकडे येतो.

पहिला प्रश्न काय विचारता?

"तुमच्या घरात पाणी कुठनं यायचं?"

"तुमचं बालपण कसं होतं?" असं विचारलं की "चांगलं होतं" एवढंच उत्तर येतं आणि मग दोघंही पंख्याकडे बघत बसतात. पाण्याचं विचारलं की आड, आडावरचा रहाट, कळशी कुणी आणायची, सोवळ्याची घागर कुणी शिवायची नाही, कुणाच्या आडावर कुणाला जाऊ देत नव्हते, सगळं आपोआप येतं. जातीचा प्रश्न थेट विचारायची वेळच येत नाही. पाण्याबरोबर तो येतोच. पुढे नळकोंडाळ्यावरची भांडणं येतात, आणि शेवटी काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनपर्यंत गाडी पोचते, जिची वाट बघण्यात इथल्या लोकांची निम्मी हयात गेली.

आजोबा सनावळ्या चुकवतात. चालेल का?

चालेल. सनासाठी आमच्याकडे पुस्तकं आहेत.

तरी काळ लावायला खुंट्या लागतात. "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही कुठं होता?" असं विचारलं तर ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट बहुतेकांना लख्ख आठवते: भांडी वाजली, लोक अंथरुणासकट रस्त्यावर आले. "बहात्तरचा दुष्काळ लग्नाआधी की लग्नानंतर?" "विद्यापीठ झालं तेव्हा तुम्ही शाळेत होता का?" विद्यापीठ १९६२ चं. बिंदू चौकात फुले-आंबेडकरांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० ला बसले, बाबासाहेब हयात असताना; ते खांद्यावर बसून पाहिलेलं एखादं पोर आज ऐंशीच्या घरात असतं. या खुंट्यांना बाकीच्या आठवणी अडकवत जायचं.

चुकीचंही मोल असतं. आमच्या एका नातलग आजोबांनी, जन्म १९३१ चा, पहिल्या बैठकीत छातीठोकपणे सांगितलं की त्यांनी शाहू महाराजांना गाडीतून जाताना पाहिलं. शाहू महाराज ६ मे १९२२ ला वारले. आमच्यातला मास्तर लगेच दुरुस्ती करायला निघाला होता, त्याला पायानं ढोसलं. त्यांचे चिरंजीव राजाराम महाराज १९४० च्या नोव्हेंबरात गेले, तेव्हा आजोबा नऊ वर्षांचे. बहुधा त्यांनाच पाहिलं असेल, असा आमचा अंदाज. दुसऱ्या खेपेला आजोबा आपणहून म्हणाले, "तसं मी न्हाई बघितलं. वडील सांगायचे. पर इतक्यांदा सांगितलंय की मलाच दिसतंय." आम्ही पहिलं रेकॉर्डिंग पुसलं नाही. दोन्ही शेजारी शेजारी ठेवली आहेत. शाहू महाराज या गावात नुसते होऊन गेलेले राजे नाहीत, हे समजून घ्यायला त्या दोन फिती पुरेशा आहेत.

आणि दंतकथा? त्याही घेता?

घेतो. रंकाळ्यातला नंदी रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो, हे ज्यानं लहानपणी ऐकलेलं नाही तो कोल्हापूरचा नव्हे. फक्त एवढं विचारून घेतो की हे तुम्हाला कुणी सांगितलं, आणि कुठं बसून.

बोललेलं लिहून काढताना भाषा शुद्ध करता का?

नाही. यावर आमच्यात एकदा चांगलंच वाजलं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मंगळवार पेठेतल्या एका आजींचं रेकॉर्डिंग आम्ही एका हुशार मुलीला लिहून काढायला दिलं. ती बाहेरगावची. तिनं अक्षर न् अक्षर नीटनेटकं करून आणलं. आजी म्हणाल्या होत्या, "मी सकाळी उठलो, भाकऱ्या थापल्या आन् मिलच्या गेटवर डबा घेऊन गेलतो." कागदावर आलं, "मी सकाळी उठले, भाकऱ्या थापल्या आणि मिलच्या प्रवेशद्वारावर डबा घेऊन गेले होते." व्याकरण उत्तम. आजी गायब.

कोल्हापुरातल्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. बाहेरचा माणूस चमकतो; इथं कुणाला त्यात काही वेगळं वाटत नाही. ते काढून टाकलं तर आजी पुण्याची होते की नागपूरची, कुणास ठाऊक, पण मंगळवार पेठेची राहत नाही. म्हणून नियम केला: 'गेलतो', 'आलतं', 'व्हय', 'न्हाई', 'आमच्या टायमाला' जसंच्या तसं. प्यालेस थेटर म्हणाले तर प्यालेस थेटरच लिहायचं. ते केशवराव भोसले नाट्यगृह आहे, १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलं, हे खाली बारीक अक्षरात. शिव्याही ठेवतो, एक शिवी कधीकधी चार परिच्छेदांचं काम करते.

एका तासाचं बोलणं लिहून काढायला सहा-सात तास लागतात. ज्यांना वेळ आहे आणि ज्यांचा कान कोल्हापुरी आहे त्यांनी जरूर यावं.

फक्त पेठांतलीच माणसं का?

सुरुवात तिथून झाली, कारण आम्ही तिथले. ते चुकीचं होतं.

आता गांधीनगरला जातो. दुसऱ्या महायुद्धात तिथं वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत रशियात हद्दपार केलेली, मग इराणमार्गे आलेली पाच हजारांच्या आसपास माणसं, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. १९४३ पासून ती इथं राहिली, १९४८ च्या सुमाराला गेली. तीच छावणी पुढे सिंधमधून आलेल्या फाळणीग्रस्तांना मिळाली आणि आजची कापडाची बाजारपेठ उभी राहिली. लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला न गेलेलं घर या जिल्ह्यात शोधावं लागेल, पण दुकानाच्या गादीवरच्या त्या म्हाताऱ्या शेटजींना 'तुम्ही इथं कसे आलात' असं कितीजणांनी विचारलं?

सिंधमध्ये पाऊस नावाला. तिथून आलेल्या पोराला कोल्हापूरचा पहिला जुलै कसा वाटला असेल? एका सिंधी आजींना हे विचारलं. त्या हसायला लागल्या. त्यांच्या आईनं दुसऱ्या आठवड्यात शेजारणीला विचारलं होतं म्हणे, की हे बंद कुठून करायचं. आजी हे सगळं अस्सल कोल्हापुरी मराठीत सांगत होत्या आणि मधेच सुनेला सिंधीत हाक मारत होत्या.

वाईट आठवणी असतील तर?

असतातच. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये इथं जाळपोळ झाली. ब्राह्मणांची घरं जळली, भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळला. ज्यांची घरं जळली त्यांच्यातले काही आमच्याशी बोलले. ज्यांनी शेजाऱ्याला माळ्यावर लपवलं त्यांच्या घरचेही बोलले. तिसऱ्या बाजूचं अजून कुणी बोललेलं नाही, आणि आम्ही कुणाच्या दारात जाऊन ते उकरतही नाही.

अशा वेळी रेकॉर्डर बंद करायचा अधिकार बोलणाऱ्याचा. आम्ही बटण त्यांच्याच हाताशी ठेवतो. रडू आलं तर पाणी द्यायचं, गप्प बसायचं. "जाऊ द्या हो, झालं ते झालं" असं म्हणायचं नाही. आमच्यातल्या एकाला ती सवय होती, फार कष्टानं सुटली.

घरातली मंडळी मधेमधे बोलतात, त्याचं काय करायचं?

आजोबा सांगताहेत आणि आजी आतून ओरडतात, "तसं नव्हतं ते!" याला आम्ही व्यत्यय मानत नाही. आजींना बाहेर बोलावतो आणि खुर्ची देतो. मुलगा-सून मात्र "बाबा, ती मोतीबाग तालमीची गोष्ट सांगा ना" असं ढकलत असतील, तर त्यांना चहाला पाठवतो.

मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर चालेल? आम्ही घरीच करू म्हणतो.

करा, आमची वाट बघू नका. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका. हे आम्ही ठेच लागून शिकलो. पहिल्याच वर्षी एका रेकॉर्डिंगच्या विसाव्या मिनिटाला कुणाचा तरी फोन आला, रेकॉर्डिंग थांबलं आणि पुढची चाळीस मिनिटं आम्ही माना डोलवत बसलो. पुढच्या महिन्यात ते गृहस्थ गेले. चूक आमचीच होती.

बाकी साधं आहे. फोन घडी घातलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर. पंखा बंद किंवा एकवर. कुकर लावायच्या आधी किंवा नंतर बसा, शिट्टीनं सगळं वाक्य जातं. सुरुवातीला नाव, तारीख आणि जागा मोठ्यानं बोलून घ्या. मग त्याच दिवशी फाइल तीन ठिकाणी ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवली म्हणजे जपली असं नव्हे.

जागेच्या वाटणीचं, भाऊबंदकीचं बोलून बसले तर?

बसतातच, जुन्या वाड्याचा विषय निघाला की वाटणी आलीच. म्हणून संमतीच्या कागदावर सही आम्ही बोलणं झाल्यावर घेतो, आधी नाही. आधी सही केलेल्या माणसाला आपण काय बोलणार आहोत हे माहीत नसतं. काय उघड ठेवायचं, काय गाळायचं, काय त्यांच्या पश्चात इतकी वर्षं कुलपात ठेवायचं, ते सांगतील तसं. नंतर मन बदललं तरी चालतं. एका काकांनी तर सगळंच परत मागितलं. दिलं.

पैसे घेता की देता?

दोन्ही नाही. चहा घेतो. एका घरी तांबडा-पांढरा झाला, त्यानंतरचं रेकॉर्डिंग ऐकवत नाही इतकं सुस्त आहे.

जुने फोटो, रेशनकार्ड, कुस्तीची तिकिटं वगैरे देऊ का?

आम्हाला देऊ नका, तुमच्याकडेच ठेवा. आम्ही घरी येऊन फोटो काढून घेतो. फोटोच्या मागे पेनानं काही लिहू नका. आत कोण कोण आहे ते आजींना विचारून वेगळ्या कागदावर लिहा, आणि हे आजच करा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा बाहेर माणसं रडत उभी होती. दुसऱ्या दिवसापासून जो तो तिथल्या आठवणी सांगत होता. आदल्या आठवड्यात आम्ही तिथल्या एका जुन्या पडदेवाल्याला फोन केला होता आणि "गणपती झाले की बसू" असं ठरवलं होतं.

हे सगळं ऐकायला कुठं मिळेल?

पहिली प्रत घरच्यांना. ज्यांनी परवानगी दिली आहे त्यांचं आम्ही पेठेतल्याच एखाद्या तालमीत किंवा देवळाच्या सभामंडपात संध्याकाळी ऐकवतो. तिथं ऐकता ऐकता माणसं उठून भांडतात, "त्या तिकटीवर पिंपळ नव्हता, वड होता." मग त्या माणसाचा पत्ता लिहून घेतो.

कधी येता? कधी बोलवू?

सकाळी दहा ते बारा, औषधं आणि नाष्टा झाल्यावर. दुपारी माणसं पेंगतात. गणपतीत नको, साउंड सिस्टिमपुढे कुणाचंच काही ऐकू येत नाही. लग्नसराईत घरात पाहुणे.

उत्तम काळ म्हणजे जुलै-ऑगस्ट. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडे निघालं की सगळं गाव पंचगंगेवर पाणी बघायला जातं. ज्यांना गुडघ्यामुळं जाता येत नाही ते सोप्यात बसून दर तासाला नातवाला विचारतात, "किती फुटावर हाय?" त्या दिवशी जा. प्रश्न विचारायची गरजच पडत नाही. २०१९ ला पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं ते ते सांगतील, २००५ चं सांगतील, एकोणनव्वदचं सांगतील, मग त्यांच्या वडिलांनी भिंतीवर कोळशानं ओढलेल्या रेघेचं सांगतील. भिंत शिल्लक असेल तर उठून दाखवायलाही येतील. छत्री घेऊन जा, आणि रेकॉर्डरला प्लॅस्टिकची पिशवी.